अलीगढ पडलं तेव्हा: वर्षअखेरीचं ग्वाल्हेर

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ग्वाल्हेरला जायचं, हे मी तारखा पाहून ठरवलं. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला आणि दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंद्यांच्या वतीने तहावर सह्या झाल्या. २९ डिसेंबर १८४३ ला ग्वाल्हेरच्या वेशीपाशी महाराजपूर आणि पनियार इथे शिंद्यांची फौज शेवटचं झुंजली. या तारखांमध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धाचे १८०३ चे जे पाच महिने येतात, त्यांनी माझा पिच्छा कधी सोडलेला नाही. पानिपतावर एका दिवसात एक पिढी कापली गेली, तरी १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते. १८०३ मध्ये त्यामानाने कमी माणसं पडली आणि उत्तर हिंदुस्थान कायमचा हातचा गेला. असं का व्हावं, हे शिंद्यांच्या गावात राहून समजून घ्यायचं होतं.

२७ डिसेंबर

झेलम एक्स्प्रेसने संध्याकाळी उतरले. मावसबहिणीचं सासर लश्करात, फालका बाजाराच्या आतल्या गल्लीत. जुनं दगडी चौकाचं घर, दारावर गणपती, देवघरात खंडोबाचा टाक. तिच्या सासऱ्यांना, आप्पांना, ऐंशी कधीच उलटून गेलीत. त्यांचे पूर्वज पागेत कारकून होते. १८१० मध्ये दौलतरावांनी उज्जैन सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिच्याबरोबर यांचं बिऱ्हाडही आलं. त्या छावणीचंच हे शहर झालं. इथली मराठी कानाला फार गोड लागते, बोलता बोलता हिंदीत शिरते आणि सहज परत येते.

"बेटा, आधी गरम पोळी खा, मग तुझी लढाई," आप्पा म्हणाले. पण लढाई त्यांनीच सुरू केली.

त्यांचं मत ठाम आहे. राज्य रणांगणावर गेलं नाही, घरात गेलं. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात यशवंतराव होळकरांच्या भावाला, विठोजींना, हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं. पुढच्या ऑक्टोबरात यशवंतरावांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांनाही एकदम हरवलं आणि बाजीराव वसईला पळाला. "आता सांग, यात इंग्रज कुठे आला? त्याने फक्त दार ढकललं."

हे सगळं खरंच आहे. तरी मला ते पुरेसं वाटत नाही. भांडणं आधी नव्हती का? १७७९ मध्ये राघोबादादा इंग्रजांच्या छावणीत बसले होते, नाना फडणीस आणि महादजी यांचं आपसात पटत नव्हतं, आणि तरीही वडगावला इंग्रज हरले. १७९५ मध्ये खर्ड्याला शिंदे, होळकर, भोसले असे सगळे एका मैदानात उभे राहिले. घरातलं भांडण मिटतं, पण त्याला अवधी लागतो. १८०३ मध्ये तो अवधीच मिळाला नाही, असं मी म्हटलं. आप्पा म्हणाले, "ठीक आहे. किल्ला पाहून ये, मग बोलू."

२८ डिसेंबर

कोपऱ्यावरच्या हलवायाकडे गरम बेडई आणि बटाट्याची रस्साभाजी खाऊन निघाले. किल्ल्यावर गाडी पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने जाते, मी पूर्वेकडून, गूजरी महालापासून पायी चढले. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे, त्यासाठी लोक दूरदूरून येतात. वर मानसिंह तोमराच्या महालावर निळ्या फरशांची बदकं आणि हत्ती. सास-बहू मंदिराच्या छतावरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत पाहावं असं आहे. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय, मी पुढे जाते.

मला तटावर उभं राहायचं होतं. खाली उभे कडे आहेत, आणि त्यांतल्याच एका बाजूने ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रजांच्या कॅप्टन पॉपमची माणसं वर आली. पायांत कापूस भरलेले मऊ जोडे, म्हणजे दगडावर आवाज होऊ नये. लाकडी शिड्या आणि दोर. गोहदच्या राण्याच्या माणसांनी वाट दाखवली. पहारेकऱ्यांची मशालींची फेरी पुढे सरकली, हेर वर चढले, दोर बांधले, आणि कॅप्टन ब्रूसची तुकडी तटावर पोचली. अजिंक्य म्हणून ज्याची ख्याती होती तो किल्ला उजाडेपर्यंत गेला होता. महादजींच्या हातून. त्यांना हा घाव किती लागला असेल!

पण या तटावर मला पॉपमपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं दीड वर्ष. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली आणि मराठ्यांनी तिला तळेगाव-वडगावच्या टापूत कोंडलं. इंग्रजांना वडगावला करार करावा लागला. पुन्हा पेटलेल्या युद्धाच्या सुरुवातीलाच याहून मोठी नामुष्की काय असणार? मग कंपनी का बुडाली नाही? कारण मुंबई हरली तरी कलकत्ता शाबूत होती. गॉडर्डची फौज बंगालकडून निघून अर्धा हिंदुस्थान ओलांडत सुरतेला पोचली. वॉरन हेस्टिंग्जने वडगावचा करार धुडकावला आणि दुसरीकडून पॉपमला या कड्याखाली आणून उभं केलं. पराभव एका हाताचा झाला, दुसरा हात मोकळा होता.

त्याच विजयाचा मराठ्यांना काय उपयोग झाला तेही पाहण्यासारखं आहे. वडगावनंतर जे कुंपणावर बसले होते ते खाली उतरले. १७८० मध्ये नानांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची जुळणी केली आणि हैदर कर्नाटकात घुसला. पुढे सगळे मनापासून लढले असं नाही. पण वडगावला उलटं घडलं असतं, तर ही बोलणी सुरूच झाली नसती. युद्धाच्या पहिल्या लढाईचं खरं मोल हे असतं: तिच्याकडे पाहून बाकीचे ठरवतात, कोणाबरोबर उभं राहायचं.

उतरताना १८०४ आठवत होतं. महादजींनी हा किल्ला परत मिळवला होता. १८०३ च्या डिसेंबरात शिंद्यांचे सरदार अंबाजी इंगळे यांनी इंग्रजांशी परस्पर करार करून तो देऊन टाकायचं कबूल केलं. किल्लेदाराने तो मानला नाही. त्याने दरवाजे बंद केले आणि फेब्रुवारीत तोफांचा मारा होईपर्यंत किल्ला धरून ठेवला. या किल्लेदाराचं स्मारक मला कुठे दिसलं नाही. असायला हवं.

२९ डिसेंबर

आज महाराजपूर. बहिणीच्या यजमानांनी गाडी काढली. मुरेनाच्या रस्त्याला दहा वाजेपर्यंत धुकं होतं, ते विरलं तशी दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक दिसू लागली. गाव शेतीचं आहे. कोणी मुद्दाम दाखवावं असं आम्हांला तिथे काही आढळलं नाही. एका शेताच्या बांधावर उभं राहून मी सगळं मनातच मांडलं.

१८४३ मध्ये जनकोजीराव वारले, दत्तक जयाजीराव लहान, ताराबाई राणीसाहेब कारभारात, दादा खासगीवाले आणि इंग्रज यांचा बेबनाव. गव्हर्नर-जनरल एलनबरो स्वतः फौजेबरोबर होता. सेनापती गफ याला वाटलं होतं की किरकोळ प्रतिकार होईल, म्हणून हत्तींवर बायकामंडळीही बरोबर होती आणि त्या तोफांच्या टप्प्यात सापडल्या. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळच मेले, हलले नाहीत. इंग्रजांची सुमारे ८०० माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याच दिवशी नैर्ऋत्येला पनियारला दुसरी लढाई झाली, आणि संध्याकाळपर्यंत युद्ध संपलं. जिंकलेल्या तोफांच्या धातूतून सैनिकांसाठी बिल्ले ओतले गेले आणि कलकत्त्याला हुगळीकाठी स्मारक उभं राहिलं. शिंद्यांची फौज ९,००० वर आणून ठेवली गेली.

शौर्यात काही कमी नव्हतं. पण ही लढाई चाळीस वर्षं आधीच हरली गेली होती. मागे उभं राहायला दिल्ली नव्हती, आग्रा नव्हतं, गंगा-यमुनेमधल्या दुआबाचा वसूल नव्हता. एका संध्याकाळी सगळं संपतं ते अशानेच.

परतीच्या वाटेवर मुरेनाला गजक घेतली, तिळाची, पापुद्र्यांची. आप्पांना दात नाहीत, तरी तेच सगळ्यांत आधी विचारतात.

३० डिसेंबर

सुर्जी-अंजनगावचा दिवस. सकाळी छत्री बाजारात शिंदे घराण्याच्या छत्र्या पाहिल्या, मग महाराज बाडा, गोरखी, आणि दुपारी जयविलास. हा महाल १८७४ चा, जयाजीरावांनी बांधलेला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. लोक थक्क होऊन पाहतात, मीही पाहिली. पण हे वैभव मांडलिक राजाचं आहे, हे मनातून जात नव्हतं. ज्या दौलतीच्या नावाने बादशहाचा कारभार चालायचा, तिची ओळख इथे झुंबरांनी करून द्यावी लागते. त्यामानाने नवं मराठा दालन मला बरं वाटलं. वेगवेगळी मराठी घराणी एका ठिकाणी तरी दिसतात.

रिक्षा कंपू भागातून परत आली. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. द बॉयन या सावॉयच्या अधिकाऱ्याने १७८४ पासून महादजींसाठी ते उभे केले. मी संध्याकाळी आप्पांसमोर कागद घेऊन बसले आणि तारखा लिहीत गेले.

७ ऑगस्ट १८०३ ला इंग्रजांचा जनरल लेक कानपूरहून निघाला. दुसऱ्याच दिवशी दक्षिणेत आर्थर वेलस्लीने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला किल्ला. वेलस्लीच्या छावणीत असलेल्या गोखले सरदारांनी पुण्याला कळवलं ते प्रसिद्ध आहे: हे इंग्रज सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चालत गेले, आतली शिबंदी मारली आणि न्याहारीला परत गेले, यांच्यापुढे कोण टिकणार? एका पेठेच्या पडण्याने हा प्रश्न पुण्यापर्यंत गेला. गोळ्यापेक्षा असा प्रश्न दूरवर मारा करतो.

मग ४ सप्टेंबर, अलीगढ. इथे मी आप्पांना थांबवून सांगितलं, कारण माझ्या मते दौलत इथे गेली. द बॉयनच्या फौजेचं हे ठाणं. पगाराची सोय म्हणून दुआबाचा मोठा मुलूख या फौजेला लावून दिलेला होता. दारूगोळा इथे, कोठार इथे. खंदक रुंद, तट भक्कम, रीतसर वेढा पडता तर कित्येक आठवडे सहज गेले असते. पण दरवाजाकडे जाणारी खंदकावरची चिंचोळी वाट तोडायची राहिली होती. शिंद्यांची नोकरी सोडून आलेला ल्यूकन नावाचा अधिकारी लेकच्या लोकांना वाट दाखवत होता. पहाटे हल्ला झाला, दरवाजा तोफेने उडवला, आणि तासाभरात किल्ला गेला. आतली माणसं शर्थीने लढली, शेकड्यांनी मेली. आणि त्यांचा फ्रेंच सरसेनापती पेराँ? तो आधीच तिथून निघाला होता. तीन दिवसांनी त्याने लेककडे सुखरूप जाऊ देण्याची परवानगी मागितली आणि लखनौची वाट धरली.

कंपनीने जाहीरनामा काढलाच होता: मराठ्यांची नोकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना पगार मिळेल. पलटणी एकेक करून अधिकाऱ्यांवाचून पडल्या.

११ सप्टेंबरला दिल्लीसमोर पटपडगंजला लढाई, आणि आंधळा शाहआलम बादशहा इंग्रजांच्या ताब्यात. २३ ला दक्षिणेत असई. तिथे शिंद्यांच्या पलटणी आणि तोफखाना इतके नेटाने लढले की वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी शंभराच्या आसपास तोफा गेल्या. ऑक्टोबरात आग्रा गेलं, जिथे सँगस्टर नावाचा स्कॉट शिंद्यांसाठी तोफा ओतत असे. १ नोव्हेंबरला लासवारी. अलवारकडच्या त्या गावात उरलेल्या पलटणी अशा लढल्या की लेकने स्वतः लिहून ठेवलंय: यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते, तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही.

आप्पा गप्प ऐकत होते. मी म्हटलं, "आप्पा, बघा. पहिल्या महिन्याभरात सैन्य फार मेलं नव्हतं. गेलं काय? कोठार गेलं, पगाराचा मुलूख गेला, बादशहाचं नाव गेलं, मग तोफांची ओतशाळा गेली. पानिपतावर उभं पीक जळालं, पण दक्षिणेत बियाण्याची कणगी भरलेली होती. इथे कणगीच गेली."

असईची फौज पुन्हा उभी करायला पैसा कुठून येणार होता? आणि ज्यांनी मदतीला यायचं, ते रोज बातम्या ऐकत होते. सप्टेंबर संपायच्या आत भरतपूरच्या जाटांनी लेकशी तह केला. नोव्हेंबरात अलवारने, डिसेंबरात जयपूरने. सरधन्याची जहागीरदार बेगम समरूही तिकडे वळली. यांना विश्वासघातकी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पडत्या घराखाली कोण थांबतं? २९ नोव्हेंबरला अडगाव, डिसेंबरात गाविलगड, १७ तारखेला भोसल्यांचा देवगावचा तह, आणि आजच्या दिवशी शिंद्यांचा. दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगर सगळं सोडून दिलं. बादशहावरचा हक्क सोडला.

"द बॉयनने जाताना बजावलं होतं म्हणतात," आप्पा म्हणाले, "पलटणी मोडा, पण इंग्रजांशी लढू नका." मला हा सल्ला कधीच पटलेला नाही. न लढताही बाजीरावाचं काय झालं ते दिसलंच. लढायचंच होतं, पण अलीगढ, दिल्ली, आग्रा ही तिन्ही ठाणी एका परक्या माणसाच्या मर्जीवर ठेवून, आणि धनी स्वतः दक्षिणेत निजामाच्या सरहद्दीवर असताना नव्हे.

३१ डिसेंबर

शेवटच्या दिवशी सालबाई, ग्वाल्हेरच्या दक्षिणेला. आप्पा थंडीतही हट्टाने आले, कानटोपी, मफलर, शाल. १७ मे १७८२ ला इथे महादजी आणि इंग्रजांचा वकील अँडरसन यांच्यात तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांना पेन्शन मिळाली, आणि त्यानंतर वीस वर्षं मराठे आणि इंग्रज यांच्यात युद्ध झालं नाही. वडगाव जिंकल्यामुळे आणि महादजींसारखा माणूस बोलणी करायला असल्यामुळे ही वीस वर्षं मिळाली. त्या वर्षांत त्यांनी दिल्ली सांभाळली, कंपू उभारले. १७९४ मध्ये ते वानवडीला गेले, आणि पंधरा वर्षांचे दौलतराव गादीवर आले.

परतताना गाडीत आप्पांनी जो प्रश्न विचारला, त्याचीच मी वाट पाहत होते. "मग होळकर? त्यांनी पुढच्या वर्षी इंग्रजांना पळवलं की नाही?"

पळवलं. जुलै १८०४ मध्ये मुकुंदऱ्याच्या खिंडीजवळून कर्नल मॉन्सन मागे फिरला. भर पावसात, चिखलात तोफा सोडत, महिनाअखेर नव्हे तर थेट ऑगस्टच्या शेवटी, त्याची विस्कटलेली फौज आग्र्याला पोचली. इंग्रजांची इतकी बेअब्रू क्वचितच झाली असेल. पण आग्रा आता त्यांचं होतं. कानपूर त्यांचं, दिल्ली त्यांची, दुआबाचा वसूल त्यांचा. वर्षापूर्वी जिंकलेल्या ठाण्यांतूनच त्यांनी पुन्हा फौज भरली, आणि नोव्हेंबरात डीग आणि फर्रुखाबाद इथे यशवंतरावांना गाठलं. १८०५ च्या सुरुवातीला भरतपूरच्या मातीच्या तटावर लेकचे चार हल्ले फसले, तीन हजारांवर माणसं गेली किंवा जायबंदी झाली, तरी कंपनी उभीच राहिली. डिसेंबरात यशवंतरावांनाही तह करावा लागला.

"ऑगस्ट १८०३ मध्ये यशवंतरावांचे घोडेस्वार दुआबात शिरले असते, तर लेक अलीगढला वेळेवर पोचलाच नसता," मी म्हटलं. "कानपूरची वाट सांभाळत बसला असता. एक पावसाळा निघाला असता तरी जयपूर, भरतपूर थांबून राहिले असते. वेलस्लीच्या भावाला, गव्हर्नर-जनरलला, विलायतेतून खर्चाबद्दल जाब विचारत होतेच, १८०५ मध्ये परत बोलावलंच त्याला."

आप्पांनी मान हलवली. "यशवंतराव आले नसते, बेटा. इंदूर जळून दोन वर्षं झाली नव्हती. विठोजींना विसरतील ते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांच्याकडे अलीगढच्या तासाभराला. घरी पोचेपर्यंत दोघं आपापल्या जागी ठाम होतो. मार्चमध्ये थंडी कमी झाली की लासवारीला जायचं ठरलं आहे. आप्पांनी बरोबर यायचं कबूल केलंय, आणि तोवर अंबाजी इंगळ्यांच्या करारावर ते जुने कागद काढून वाचणार आहेत.